हातभर धागे

माग थांबला म्हणजे माणूस जेवायला बसला, हे त्या घरात घड्याळापेक्षा पक्कं होतं. माग एकच आणि कामाला माणसं दोन. थोरलीचे बाबा विणायला बसले की आई जेवून घ्यायची, आणि बाबा ताटावर बसले की आई रहाट ओढून धाग्याच्या कांड्या भरायला लागायची. दोघांनी एकदम जेवायचं नाही, काम उघडं पडतं, हा बाबांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक. म्हातारा जाऊन जमाना लोटला तरी तो कुणी मोडला नाही. लहानपणी थोरली आणि तिचा भाऊ, ज्याला सगळे धाकटाच म्हणत, अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायची, आत्ता कोण जेवतंय.

गेल्या थंडीत बाबा गेले. आईचं डोकं त्याच्या आधीच फिरायला, म्हणजे मागे मागे फिरायला लागलं होतं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग कोण आहे आणि कोण नाही याचाही मेळ राहिला नाही. पण माग चालू होता तोवर ती उंबऱ्याशी बसून नेमाने जेवायची. माग गप्प झाला, आणि तिच्या लेखी बाबा जेवायला बसले. ते काही उठेनात.

"दोन घास खाऊन घे ग," थोरली ताट घेऊन तिच्या मागे मागे हिंडायची.

"ते जेवतायत ना. त्यांचं होऊ दे."

"त्यांचं झालं, आई."

"झालं, तर माग का वाजत नाही?"

एकदा थोरलीने मन घट्ट करून खरं सांगितलं. आई भिंतीला धरून खाली बसली आणि आजच बातमी आल्यासारखी रडली. मग डोळे पुसून उठली आणि कांड्या शोधायला लागली, कारण ते जेवत होते आणि काम उघडं पडलं होतं. थोरलीने पुन्हा तो विषय काढला नाही.

आईच्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाई घरी आल्या, दंड चाचपला, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली.

"वजन असंच उतरत गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल," त्या म्हणाल्या. "अशी माणसं नळी उपसून टाकतात, म्हणून हात बांधून ठेवावे लागतात पलंगाला. मऊ कापडी पट्ट्या असतात. लागत नाही."

थोरलीने सगळं आयुष्य कापडाच्या दुकानात काउंटरवर काढलं होतं. मऊ काय आणि किती मऊ, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या रात्री आईचे हात आपल्या हातात घेऊन ती बसून राहिली. झोपेतसुद्धा आईची बोटं चाळवत होती, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, न दिसणाऱ्या धाग्याला पीळ देत.

फोनवर धाकटा म्हणाला, "घालू दे ना नळी. तू काय डॉक्टर आहेस?"

"हात बांधतील तिचे."

"मग? जिवंत तर राहील. ताई, तू ना, उगाच जिवाला लावून घेतेस."

"तू ये आणि बांध," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने सगळे उपाय करून पाहिले. फोनमध्ये कुठल्याशा मागाचा आवाज मिळाला, तो कपाटामागे लावून ठेवला. आई लगबगीने आतल्या खोलीत गेली, माग जागच्या जागी उभा असलेला बघितला आणि अशी घाबरली की दिवसभर पाणीसुद्धा प्यायली नाही. मग थोरलीने लांबून एक म्हातारा विणकर आणवला. बिचारा बसला, एक-दोनदा धोटा टाकला, तेवढ्यात आईने केरसुणी उचलली. "माझ्या माणसाच्या जागेवर कोण बसलं?" म्हातारा पायताण हातात घेऊन पळाला. जाता जाता एवढं बोलला, "बाई, घरच्याच कुणाला तरी बसवा."

घरचं असं कोण होतं? बाबांनी मुलांना मागाला हात लावू दिला नव्हता. "हे आमच्यापाशी संपू दे," म्हणायचे. थोरलीला नोकरी लागली तेव्हा पेढे वाटल्यासारखं गावभर सांगत सुटले, आणि घरी आल्यावर तोंड वाकडं करून, "विणकराची पोर गिरणीचं कापड विकणार." मागाशी थोरलीचा संबंध लहानपणीचाच, तोही कामापुरता. भरलेल्या कांड्या नेऊन द्यायच्या. आणि उभ्या धाग्यांचा नवा ताणा लावताना आईबाबा मागाच्या दोन अंगांना बसून एकेक धागा मागावरच्या दोऱ्याच्या फाशांतून ओवत, दोघांचेही हात अडकलेले, माग मुका, आळीपाळीचा नियमच बंद. तेव्हा वाडगा घेऊन मध्ये उभं राहायचं आणि दोघांना घास भरवायचे. बस, एवढंच.

शहरातल्या एका जुन्या गोदामात हातमाग शिकवतात, असं तिला दुकानातल्या जुन्या मैत्रिणीने सांगितलं. सुटीच्या दिवसांची कार्यशाळा. मैत्रीण त्या दिवसांत आईपाशी बसायला तयार झाली.

गोदामात उजेड छान होता. ओळीने छोटे माग मांडलेले, प्रत्येकावर रंगीत ताणा आधीच चढवलेला. शिकवणारी बाई चाळिशीची, केस कापलेले, बाह्या वर सारलेल्या. तिला सगळे मागवाली म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. तिने सगळ्यांना गोल बसवून विचारलं, कोण कशासाठी आलंय.

"मन शांत होतं म्हणतात," एक पोरगी म्हणाली.

"मला यंत्राचं कुतूहल," म्हणाले एक निवृत्त इंजिनियर. सगळे त्यांना काका म्हणू लागले. "आणि बायको म्हणाली, घराबाहेर पडा."

थोरलीची वेळ आली. "आईला जेवायला घालायचंय," ती म्हणाली.

सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. या वयात पोटासाठी कला शिकतेय, असं त्यांना वाटलं असणार. थोरलीने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. सांगत कुठे बसणार?

शिकणं म्हणजे आधी सगळं चुकणं. धोटा या हातातून त्या हातात जायच्या ऐवजी जमिनीवर जाऊन काकांच्या पायाशी पडायचा. "पुन्हा माझ्याकडे आला," काका म्हणायचे, "याला मी आवडतो." आडवा धागा तिने ताणून ओढला, तर कापड कमरेला नाडी आवळल्यासारखं मध्येच बारीक झालं. "ओढू नका, तिरका सोडा," मागवाली म्हणायची. "धाग्याला वळायला जागा लागते." तुटलेला धागा चपट्या गाठीने कसा सांधायचा, पाय बदलल्यावर ठोका मारायचा की आधी, विणलेला धागा दाबणारी फणी स्वतःच्या वजनाने येऊ द्यायची की ओढायची, सगळं मागवाली हातावर हात ठेवून दाखवायची. इतर जण चहाच्या सुटीत बाहेर जाऊन आपापल्या कापडाचे फोटो काढायचे. थोरली जागची हलायची नाही. तिला कापड नकोच होतं. तिला आवाज हवा होता.

"जरा दम खा," मागवाली तिला म्हणाली. "माग काही पळून जात नाही."

"माग नाही जात," थोरली म्हणाली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचा हात बसला. मागवालीने मोठी कात्री आणली. जो तो उठून आपलं कापड मागावरून कापून घेई, मागे उरलेली धाग्यांची शेपटं ओढून टोपलीत टाकी, आणि सगळे टाळ्या वाजवीत. काकांनी आपला हातरुमाल गळ्यात घालून मिरवला. थोरलीनेही कापलं. तिच्यासाठीही टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या मागावर बसली. त्यांनी अर्ध्यात सोडलेली निळ्या पट्ट्यांची चादर अजून तशीच होती, वर धूळ. तिने धूळ झटकली, पावड्या पायाखाली घेतल्या आणि विणायला लागली. आवाज स्वच्छ निघाला. शिकवला होता तसाच, एकसारखा.

आई उंबऱ्याशी आली. पदराला हात पुसत उभी राहिली.

"हा कोण पाहुणा बसलाय?"

"मी आहे, आई."

"उठव त्याला. ते आले म्हणजे रागावतील." आणि ताटाकडे न बघता ती बाहेर, थेट रस्त्यावर. कोपऱ्यावरच्या चपलाच्या दुकानापाशी थोरलीने तिला गाठलं.

थोरलीची मतीच गुंग झाली. तिने केलं तरी काय चुकीचं? मग घरी येऊन ती डोळे मिटून पडून राहिली, लहानपणी पडायची तशी, आणि कानांनी आठवू लागली. बाबांचा डावा पाय लहानपणीच्या तापात आखूड झालेला. डावी पावडी दाबायला त्यांना कमरेतून खाली सरकावं लागे. तेवढ्यात बसायची फळी करकरे आणि ठोका उशिरा पडे. मग उशीर भरून काढायला पुढचे दोन लागोपाठ. ठक. करकर. ठकठक. माग त्यांच्याबरोबर लंगडत असे.

ती पुन्हा गोदामात गेली. मागवालीला सगळं सांगितलं, नळीसकट, पट्ट्यांसकट. मागवालीने बराच वेळ हातातली कांडी फिरवली.

"मी इथे लोकांची लय बसवते," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्याच मोडायला आलात."

मग दोघींनी मिळून लय मोडली. थोरली फळीच्या उजव्या टोकाला सरकून बसली, म्हणजे डाव्या पावडीला पाय पुरेना. "आता उशीर करा. आणखी. अजून उशीर. घाबरू नका, वाईट विणा," मागवाली म्हणत होती.

घरी थोरली तशीच, वाकडी बसली. पाठीत कळ आली. ठक. करकर. ठकठक. दारात आईची सावली पडली. थोरलीने वर बघितलं नाही.

"बसलात एकदाचे," आई म्हणाली. "किती वेळ जेवता हो." आणि उंबऱ्याशी खाली बसून तिने ताट पुढे ओढलं.

थोरलीला रडता येईना, कारण हुंदक्याने ठोका चुकला असता.

मग दिवस बरे गेले. आई जेवत होती. थोरली विणत होती आणि आई उठल्यावर गार झालेलं अन्न ओट्याशी उभ्याने खात होती. पाठ धरली, डावी मांडी सुजली. डॉक्टरीणबाईंनी दंड चाचपून "बघू" म्हटलं, आणि त्या "बघू"वर थोरली आठवडा जगली. विणलेली चादर वाकडीतिकडी होती. बाबांच्या आणि तिच्या विणीच्या मधली रेघ लांबूनही दिसायची. मागच्या तुळईवर गुंडाळलेला ताणा हळूहळू उतरत होता हे तिला दिसत होतं. दुकानात तागा संपला की दुसरा येतो, तसा हाही येईल, असं तिने धरलं होतं. मागवालीला तिने ताण्याचं सांगूनही ठेवलं होतं.

एका सकाळी ताणा संपला. तुळई उघडी पडली, फणी पुढे सरकेना. थोरलीने कात्री आणली. शिकवलं होतं तसं चादर कापून घेतली, मागची हातभर शेपटं फाशांतून ओढून टोपलीत टाकली, एकही ठेवलं नाही. फासे झटकून स्वच्छ केले. बाबांची चादर पुरी झाली म्हणून क्षणभर तिला बरंही वाटलं. मग तिने मागवालीला फोन लावला.

"ताणा संपला. आता नवा कधी?"

"प्रदर्शन आटोपलं की लगेच येते. जुन्या टोकांना नवी टोकं बांधली की झालं. शेपटं आहेत ना मागावर?"

"ती काढली की."

मग मागवाली हळूच म्हणाली, "सगळी?"

"तुम्हीच तर... टाळ्या वाजवल्या होत्या."

"अहो, तो शेवटचा दिवस होता. तुम्ही गेल्यावर मी ते सगळे माग पुन्हा ओवते. तुम्हाला ते कधी दाखवलंच नाही मी." तिचा आवाज उतरला. "घरच्या मागावरची शेपटं काढायची नसतात. कुठला धागा कुठल्या फाशातून, हे त्यांच्यावरूनच कळतं. आता सगळं नव्याने ओवायला लागेल. एका माणसाचं काम नाही ते. माणूस शोधते मी. पण वेळ लागेल, ताई."

थोरली रिकाम्या मागासमोर उभी राहिली. विणकराच्या घरात जन्मली होती ती. ही चूक या घरातल्या मांजरानेही केली नसती.

दुपारी आई आली. कान देऊन उभी राहिली. "जेवायला बसलेत," म्हणाली, आणि कांड्या शोधायला लागली.

थोरलीने रिकामाच माग ठोकून पाहिला. वाकडं बसून, फळी करकरवून, तंतोतंत. पण फणीला अडवायला कापड नव्हतं. आवाज पोकळ निघाला. "रिकामा कशाला बडवताय?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं, आणि ताट सरकवून दिलं. पुढचे दिवस थोरलीने चमच्याने पेज ओठांशी लावली, आईने ओठ आवळून धरले. नाक दाबून पाहिलं, हो, तेही केलं तिने, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन कपाळ भिंतीवर आपटलं. आईचं बोलणं कमी झालं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर नळीसाठी दवाखान्यात न्यायचा दिवस ठरवला. गाडी दुपारी येणार होती.

त्या दिवशी थोरलीने आईची पिशवी भरली. दोन लुगडी, टॉवेल, कंगवा. पट्ट्यांखाली बांधायला म्हणून आपल्या जुन्या सुती साडीच्या मऊ घड्याही घातल्या, आणि मग आपण काय भरतोय हे कळून तशीच बसून राहिली.

घर फार शांत होतं. "आई?" तिने हाक मारली. स्वयंपाकघरात नाही. अंगणात नाही. दाराची कडी आतून लावलेलीच होती.

आई मागाच्या पलीकडच्या अंगाला, बुटक्या स्टुलावर बसलेली सापडली. मांडीवर टोपलीतली शेपटं. तिने ती नीट विंचरून, एका टोकाला बांधून घेतली होती, आणि एक धागा चिमटीत धरून हात फाशांतून पुढे काढला होता. किती वेळ धरला होता कोण जाणे.

"घ्या ना," ती म्हणाली. "हात भरून आला माझा."

थोरली बाबांच्या जागेवर बसली. धागा ओढायचा आकडा खुंटीला होता. तिने तो फाशातून आत घातला, आईने धागा त्याला अडकवला, तिने ओढला. आईचा हात मागे गेला, दुसरा धागा घेऊन आला. कधी दोन धागे यायचे एकदम. कधी चिमूट रिकामीच यायची, आणि थोरली रिकामा आकडा ओढून घ्यायची. क्रम नव्हता, ताळमेळ नव्हता. हातभर तुकडे ते, त्यांचं काय होणार होतं?

थोड्या वेळाने आईने धागा द्यायचा थांबवून तोंड उघडलं. तशीच राहिली, चिमणीच्या पिलासारखी.

"पोरगी कुठे गेली?" ती कुरकुरली. "भात घेऊन उभी राहा म्हटलं होतं. गेली असेल हुंदडायला."

"आहे इथेच," थोरली म्हणाली. "आणते."

ती धावली. हात भाजत मऊ भात वाडग्यात कालवला. मागाच्या चौकटीवरून वाकून पहिला घास आईच्या तोंडात घातला. आईने तो चावला, गिळला, आणि धागा पुढे केला. थोरलीने भाताच्या हाताने वाडगा धरला, दुसऱ्या हाताने आकडा ओढला. एकदा बाबांच्या जागेवर बसायचं, एकदा उठून पोरगी व्हायचं.

"त्यांना पण दे," आई म्हणाली. थोरलीने एक घास स्वतःच्या तोंडात घातला. गरम होता.

बाहेर गाडी वाजली. मग चालकाने दारावर थाप मारली. "ताई, निघायचं ना?"

"ओवणी चाललीय," आतून आईच ओरडली, कितीतरी दिवसांत इतक्या जोराने बोलली नव्हती. "कुणी आत येऊ नका, धागे हलतील."

गाडी थोडा वेळ थांबली आणि गेली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ऐकून घेतलं, म्हणाल्या, "बरं, खातायत तोवर खाऊ दे. पण हे किती दिवस चालणार?"

आई आडवी झाल्यावर थोरलीने ओवलेले सगळे धागे पुन्हा ओढून काढले, विंचरले, बांधून स्टुलावर ठेवले. रोज काढते. रोज ते थोडे पिंजतात, एखाददुसरा हातातच तुटतो. तो ती चपट्या गाठीने सांधते, आणि प्रत्येक गाठीला धागा बोटभर आखूड होतो. मागवालीचं प्रदर्शन अजून आटोपलेलं नाही. सकाळी स्टूल सरकल्याचा आवाज येतो, फाशांतून हात बाहेर येतो, आणि थोरली आधी धाग्याची लांबी बघते, मग भात कालवायला घेते.